नवव्या महिन्यातली सोबत



आपल्या या अंकात बहुतेक वेळा लागणीचे अंतर, बेणेप्रक्रिया, खोडव्यातले पाचट आणि खताच्या मात्रा यांवर लेख येतात. ते यायलाच हवेत. या वेळी संपादक मंडळींनी बायामाणसांच्या उपयोगाचे काही लिहा, असे सांगितले. मी एका सभासदाची लेक. माझी नोकरी घाटाखाली, नेरळ-कर्जतच्या बाजूला, आरोग्यसेविका म्हणून झाली. उसाचे मला फारसे कळत नाही. पण बाळंतपणे पुष्कळ पाहिली, तेव्हा त्याच विषयावर लिहिते. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या लेकी घाटाखाली कर्जत-खालापुरात दिलेल्या आहेत, आणि तिकडच्या आपल्याकडे आलेल्या आहेत. त्यामुळे विषय परका नाही.

ऊस केव्हा तुटणार हे आपल्याला आधी ठाऊक असते. नोंद असते, तोडणी कार्यक्रम लागतो, टोळी कोणती, गाडी कोणती हे ठरते. नाही ठरले तर आपण गट ऑफिसात जाऊन भांडतो. आणि घरातल्या सुनेला नववा महिना लागला म्हणजे? "बघू, वेळ आली की." गाडी कुणाची, बरोबर कोण जाणार, घरी मागे कोण, पैसे कुणाच्या खिशात, काही ठरलेले नसते. सातव्या महिन्यात ओटी भरतो, हिरवी साडी नेसवतो, पाच जणी जमतात, हसणे-खिदळणे होते. त्यानंतर कळा सुरू होईपर्यंत त्या पोरीला बसून कुणी काही विचारत नाही. तिला भीती वाटत असते ती नेमकी याच दोन महिन्यांत.

नेरळ आपल्यापैकी पुष्कळांना माथेरानमुळे माहीत असेल. १९०७ साली सुरू झालेली छोटी गाडी तिथूनच डोंगर चढते. पण माथेरानच्या उतारावर आणि पलीकडे भीमाशंकरच्या पायथ्यापर्यंत ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. त्यांतल्या काहींपर्यंत धड रस्ता नाही. पावसाळ्यात ओढा भरला की अडलेल्या बाईला झोळी करून खाली आणावे लागते. आणि खाली नेरळ गावात, शेलू-वांगणीच्या बाजूला, नव्या इमारतींत राहणाऱ्या सुना आहेत. त्यांचे नवरे पहाटेची लोकल धरून कल्याण-मुंबईला कामाला जातात आणि रात्री परततात. दिवसभर घरी सासू किंवा नुसत्या भिंती. वाडीवरची बाई आणि इमारतीतली बाई यांचे तसे काहीच जुळत नाही. पण दवाखान्याच्या बाकावर दोघी शेजारी बसल्या की बोलणे एकच असते.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायांची खास तपासणी असते. २०१६ सालापासून ही पद्धत देशभर सुरू झाली. त्या दिवशी गर्दी फार. आमच्या हातात कागद आणि रक्तदाबाचे यंत्र, त्यामुळे आम्ही पुढून बोलावत राहायचो आणि मागे बाकावर काय चालले आहे तिकडे लक्ष नसायचे. पुढे पुढे मला कळले की खरे काम त्या बाकावर होत असते. तिसरेपणाची एखादी ठाकरीण पहिलटकरणीला सांगते, "कळ येते तशी जाते बी. मधे वेळ गावतो, तेवढ्यात दम खायचा." हे वाक्य मी वीस वर्षांच्या नोकरीत कुणाला इतके सोपे करून सांगितले नव्हते.

त्या बाकावर ऐकलेल्या भीती सांगते. कळा सोसवतील का. पोट कापतील का. आत्या बाळंतपणात गेली, माझे तसे तर होणार नाही ना. बाळाला काही खोट असेल का. पुन्हा मुलगीच झाली तर घरात काय म्हणतील. अनोळखी माणसांसमोर अंगावरचे कपडे सोडायचे, त्याची लाज. नर्सबाई ओरडेल. खर्च किती येईल. मोठ्या पोराला कोण सांभाळील, म्हशीची धार कोण काढील. यांतल्या निम्म्या भीतींचा डॉक्टरशी काही संबंध नाही. त्या घरातल्या माणसांनी पुरवायच्या गोष्टी आहेत. उरलेल्यांना उत्तर आहे, पण ते कुणी तरी शांतपणे बसून द्यायला हवे.

तारखेची भीती घ्या. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून नऊ महिने आणि सात दिवस मोजून डॉक्टर तारीख देतात. घरातले सगळे ती तारीख कॅलेंडरवर गोल करून ठेवतात, आणि तो दिवस उलटला की पोरगी रडकुंडीला येते. वास्तविक ठरल्या तारखेलाच जन्मणारी मुले वीसात एखादेच. आधीचे दोन-तीन आठवडे आणि नंतरचा एक आठवडा हे सगळे वेळेतच धरतात. तारखेनंतर आठवडा होत आला तर मात्र घरी बसून वाट बघायची नाही, डॉक्टरांकडे जायचे.

खोट्या कळांनीही बाया घाबरतात आणि नंतर लाजतात. दवाखान्यात जाऊन परत पाठवले म्हणजे सासरी हसतात, म्हणून पुढच्या वेळी खऱ्या कळा आल्या तरी सांगत नाहीत. हे फार वाईट. पोट दगडासारखे घट्ट होऊन सुटते, चालल्यावर किंवा कुशीवर पडल्यावर थांबते, ती बहुधा खोटी कळ. दर वेळी अधिक जोराची, अधिक जवळ जवळ येणारी आणि कशानेच न थांबणारी, ती खरी. तरीही चूक होते, आमच्याही होते. दोनदा उगाच जाऊन आली म्हणून सुनेला हसू नका. गाडीभाडे फुकट गेले एवढेच ना!

मरणाच्या भीतीला "असं बोलू नये" एवढेच उत्तर आपण देतो. त्यापेक्षा खरे सांगावे. २०१८ ते २० या काळातल्या सरकारी पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या, आणि साऱ्या देशाचा आकडा ९७ होता. आपल्या आज्यांच्या काळात गावागणिक अशी एखादी गोष्ट असायची, त्या गोष्टीच अजून घराघरांत फिरतात. आकडा शून्य नाही हे खरे. पण जे धोके उरले आहेत त्यांतले बरेचसे आधी इशारा देतात, आणि इशारा ओळखून वेळेत पोचले तर बाई वाचते. ते इशारे पुढे लिहिते.

सिझेरियनबद्दल लोकांची दोन टोके. एकाला वाटते, डॉक्टर पैशासाठीच कापतात. दुसऱ्याला वाटते, कळा नकोतच, मुहूर्त काढून कापूनच घ्या. आपल्या राज्यात २०१९ ते २१ च्या पाहणीत चारांतले साधारण एक बाळंतपण सिझेरियनने झालेले आढळले. मूल आडवे असले, वार खाली असली, बाळाचे ठोके पडू लागले तर ते करावेच लागते आणि त्यानेच दोन जीव वाचतात. एखादीचे झाले तर तिला "नॉर्मल जमलं नाही होय?" असे विचारणाऱ्या बायकांना मात्र दारातूनच परत पाठवावे.

आता मुख्य गोष्टीकडे येते. कळा चालू असताना बाईजवळ ओळखीचे, धीर देणारे माणूस असणे ही नुसती माया नाही. शरीराच्या कामात त्याचा उपयोग होतो. कळा येण्यासाठी शरीरात जो रस लागतो तो माणूस निवांत असला की नीट पाझरतो. घाबरले की दुसराच रस वाढतो, जो आपल्याला पळायला किंवा लढायला लावतो. त्याने कळा ढिल्या पडतात, अंग आखडते आणि दुखणे जास्त जाणवते. म्हणजे दुखते म्हणून भीती आणि भीतीने आणखी दुखणे. गोठ्यात गाय व्यायला झाली की आपण पोरांना हाकलतो, कुत्रे बांधतो, कंदील बारीक करतो. गायीबद्दल हे शहाणपण आपल्याला परंपरेने आहे.

१९८० साली मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमाला देशातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथल्या एका मोठ्या दवाखान्यात बाया एकट्याच बाळंत होत. डॉक्टरांनी काही जणींजवळ एक साधी बाई बसवली. ती ना नर्स, ना सुईण, ना ओळखीची. तिने फक्त पाठ चोळायची, हात धरायचा, बोलत राहायचे. गुंतागुंत न झालेल्या बायांत एकटीला सरासरी १९ तासांवर लागले आणि सोबत असलेलीला पावणेनऊ तासांच्या आसपास. बायांची संख्या थोडी होती, म्हणून लगेच कुणी मान डोलावली नाही. पुढे देशोदेशी असे अभ्यास झाले. २०१७ साली १७ देशांतल्या २६ अभ्यासांचा, १५ हजारांहून अधिक बायांचा एकत्र आढावा घेतला गेला. फरक ग्वाटेमालाइतका मोठा निघाला नाही, पण दिशा तीच निघाली. सतत सोबत मिळालेल्या बायांची नैसर्गिक बाळंतपणे जास्त, सिझेरियन कमी, कळांचा काळ थोडा कमी, आणि "माझा अनुभव वाईट होता" असे सांगणाऱ्या कमी. कोणत्याही औषधाशिवाय, कोणत्याही यंत्राशिवाय.

आपल्या केंद्र सरकारने २०१६ साली सरकारी दवाखान्यांना कळवले की बाळंतपणाच्या वेळी बाईजवळ एक सोबतीण राहू द्यावी. ती शक्यतो स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी, कपडे स्वच्छ असावेत, खोकला-ताप किंवा पसरणारा रोग नसावा, शेवटपर्यंत थांबायची तयारी असावी, नर्स-डॉक्टरांच्या कामात हात घालू नये आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईकडे जाऊ नये. जिथे आडोशाची सोय आहे तिथे नवऱ्यालाही आत राहता येते. तेव्हा दवाखान्यात नाव घालतानाच विचारून ठेवा, "आमच्या मुलीजवळ कोण थांबू शकेल?" कुठे जागा अपुरी असते, कुठे एका खोलीत तीन जणी असतात, तिथे नाही म्हणतील. पण विचारलेच नाही तर बहुधा नाहीच होते.

इथे माझ्या पदरचे सांगितले पाहिजे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका दवाखान्यात होते, कुठे ते लिहीत नाही. तिथे बाई आत गेली की दार बंद. एक कातकरी पोरगी, पहिलटकरीण, सारखी दाराकडे बघून "आये, आये" करत होती. तिची आई बाहेर व्हरांड्यात उकिडवी बसलेली, दोघींमध्ये एक पत्र्याचे दार. मी त्या पोरीवर ओरडले. जोर लाव म्हणून ओरडले, गप बस म्हणून ओरडले. रात्रभराचे जागरण होते, दोन खाटा भरलेल्या होत्या, हे सगळे खरे. बाळ झाले, दोघे सुखरूप होते, आणि तरी ती पोरगी जाताना माझ्याकडे न बघता गेली. दुसऱ्या खेपेला ती दवाखान्यात आलीच नाही, वाडीवरच बाळंत झाली. आमच्या दप्तरात "समज देऊनही रुग्ण आली नाही" अशी नोंद झाली असेल. ती का आली नाही हे मला माहीत होते.

पुढे बऱ्याच वर्षांनी, सोबतीणीला आत घ्यायला लागल्यावर, मी एका मावशीला पाहिले. ती काही विशेष करत नव्हती. कळ आली की कमरेच्या खाली तळहाताने दाबून धरायची, कळ गेली की घोटभर पाणी पाजायची आणि मधल्या वेळात गावातल्या कुणाच्या तरी लग्नात वरणात मीठच नव्हते ती गोष्ट सांगायची. पोरगी दोन कळांच्या मधे हसली. मी तोवर प्रसूतिगृहात कुणाला हसताना पाहिले नव्हते.

मावशीसारखी माणसे बाळंतपणाच्या दिवशी अचानक उगवत नाहीत. त्यासाठी आधीचे बसणे-उठणे लागते. झारखंड आणि ओडिशातल्या आदिवासी भागात ‘एकजूट’ नावाच्या संस्थेने २००५ ते २००८ या काळात गावोगाव बायांचे गट बसवले. महिन्यातून एक बैठक. चित्रे दाखवायची, गोष्ट सांगायची, आपल्या गावात कुणाचे बाळ का गेले यावर बायांनीच बोलायचे आणि काय करता येईल ते बायांनीच ठरवायचे. या गटांत ना गोळ्या ना इंजेक्शने. तरी शेवटच्या दोन वर्षांत तिथल्या नवजात बाळांचे मृत्यू गट नसलेल्या गावांच्या मानाने ४५ टक्क्यांनी कमी होते. आणखी एक गोष्ट त्यांना दिसली. तिसऱ्या वर्षी बाळंतिणींत मनाने खचलेल्यांचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. बाळाचे समजण्यासारखे आहे, नाळ स्वच्छ कापली, बाळ गुंडाळून ठेवले. पण मन? ते नुसते चार जणींत बसल्यानेच सावरले, असे मला वाटते.

जवळचेच उदाहरण गोव्याचे. तिथल्या ‘संगाथ’ संस्थेने दवाखान्यात येणाऱ्या, मनाने खचलेल्या गरोदर बायांकडे ‘सखी’ पाठवल्या. या सखी म्हणजे त्याच भागातल्या, स्वतः आई असलेल्या साध्या बाया. त्यांना थोडे शिक्षण दिले आणि गरोदरपणापासून बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत भेटत राहायला सांगितले. २०१९ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. फरक फार मोठा नव्हता, पण सखी भेटत असलेल्यांत बऱ्या झालेल्यांचे प्रमाण जास्त निघाले.

आपल्याकडे गावोगाव बचत गट आहेत, हळदीकुंकू आहे, भजनी मंडळ आहे. बचत गटाच्या बैठकीत हप्ता गोळा झाल्यावर दहा मिनिटे एवढेच विचारायचे की गावात सातवा, आठवा, नववा कुणाकुणाला आहे आणि त्यांच्यापैकी कुणाला माहेर लांब आहे. त्यांच्याकडे दोघींनी जायचे. नेरळकडे एका वाडीवर बायांनी असेच ठरवले होते. रस्ता नसलेल्या वाडीतल्या बाईने पावसाळ्यात शेवटचे आठ-दहा दिवस खाली गावातल्या नातेवाइकाकडे येऊन राहायचे आणि तिच्या घरची चूल शेजारणींनी पेटवायची. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात सरकारने आरोग्य केंद्राच्या शेजारी याच कामासाठी ‘माहेरघर’ बांधले आहे. सरकारी माहेरघर नसले तरी एखाद्या मावशीचे घर असतेच.

जाऊन बोलायचे काय? बोलण्यापेक्षा ऐकायचे जास्त. "तुला कशाची काळजी वाटतेय?" एवढे विचारून गप्प बसता आले पाहिजे. आपल्या बायकांना हे फार कठीण जाते. लगेच आपल्या बाळंतपणाची कहाणी सुरू होते, दोन दिवस अडले होते, रक्ताचे पाट वाहिले होते. किंवा मग उलट, "आम्ही भाताच्या लावणीत बाळंत झालो, संध्याकाळी भाकऱ्या थापल्या." दोन्ही ऐकून पोरगी आणखी मिटते. पहिल्या कहाणीने ती घाबरते, दुसरीने स्वतःला नाजूक समजून लाजते. सासूबाईंनो, रागावू नका, मीही आता सासू आहे. आपल्याला त्या वेळी कुणी विचारले नाही म्हणून हिला विचारायचे नाही, हा हिशोब बरोबर नाही.

पुरुष सभासदांसाठी चार ओळी. तुमचे काम मुख्यतः जुळवाजुळवीचे आहे. आठवा लागला की ठरवा: बरोबर कोण जाणार, ती नसली तर दुसरी कोण, जवळचा दवाखाना कोणता, तिथे सिझेरियनची आणि रक्ताची सोय नसेल तर पुढचा कोणता. बाईचा रक्तगट कार्डावर लिहिलेला आहे का ते बघा. सरकारी दवाखान्यात २०११ पासूनच्या योजनेप्रमाणे बाळंतपण, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त आणि तिथले जेवण मोफत आहे, घरून नेण्याची आणि परत सोडण्याची गाडीही मोफत आहे. त्यासाठी १०२, आणि अडचणीच्या वेळी १०८ हा नंबर फिरवायचा. तरीही शेजारच्या जीपवाल्याला आधी सांगून ठेवावे, कारण डोंगरात फोन लागेलच असे नाही. नोकरीनिमित्त लांब जाणाऱ्याने आपला फोन नवव्या महिन्यात तरी उचलावा. नेरळला एका नवऱ्याचा फोन लोकलच्या गर्दीत लागेना, शेवटी शेजारणीने रिक्षा केली आणि तीच आत सोबतीण म्हणून थांबली. बारसे झाले तेव्हा मानाची साडी तिला मिळाली, हे योग्यच झाले.

इशारे आता सांगते, हे घरातल्या प्रत्येकाला पाठ हवेत. अंगावरून रक्त जाणे, थोडे असले तरी. कळा नसताना पाणी जाणे. डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, चेहऱ्यावर आणि हातांवर एकदम सूज, छातीखाली वरच्या पोटात कळ. झटका येणे. ताप. दम लागणे, अंग पांढरेफटक पडणे. आणि बाळाची हालचाल कमी होणे. "शेवटी शेवटी बाळ शांत होतं" असे म्हणतात ते खरे नाही. जागा कमी झाल्याने उड्या बदलतात, पण हालचाल थांबत नाही. कमी वाटली तर काही खाऊन डाव्या कुशीवर पडावे आणि मोजावे. दोन तासांत दहा वेळा हलले नाही तर निघावे. यांतले काहीही झाले तर सकाळ होण्याची, नवरा येण्याची किंवा अमावस्या टळण्याची वाट बघू नये.

काळजी आणि आजार यांतही फरक आहे. रात्री उलटसुलट विचार येणे, मधूनच रडू येणे, हे बहुतेकींना होते आणि बोलल्याने हलके होते. पण दोन आठवडे झाले तरी झोप नाही, जेवण नाही, कशात मन नाही, "मी नसले तर बरं" असे शब्द तोंडी येऊ लागले तर ते बाहेरचे नव्हे आणि नाटकही नव्हे, ते दुखणे आहे आणि त्यावर औषधोपचार आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे आपल्यासारख्या देशांत गरोदर बायांपैकी सुमारे १५ टक्के आणि बाळंतिणींपैकी सुमारे २० टक्के अशा दुखण्यातून जातात. आशाताईला सांगा, डॉक्टरांना सांगा. २०२२ पासून १४४१६ या नंबरवर सरकारतर्फे मोफत बोलता येते, मराठीतही. अशा बाईला तोवर एकटी सोडू नका.

शेवटची गोष्ट आपल्या घरातली नाही, आपल्या शेतातली आहे. कर्जत-खालापूरच्या कातकरी बाया दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. पोट वाढलेले असले तरी जातात, कारण उचल घेतलेली असते. त्यांची नावे त्यांच्या गावच्या आशाकडे असतात आणि त्या असतात भलत्याच तालुक्यात. नोकरीत असताना अशी नावे शोधत मी भट्ट्याभट्ट्यांवर हिंडले आहे. आता माहेरी आले की आपल्या फडात तेच दिसते. बीड-नगरकडून येणाऱ्या कोयत्यांत दर हंगामाला एखाददुसरी आठव्या-नवव्या महिन्यातली असतेच. पहाटे थंडीत तोडायला उभी राहते, मोळी डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत जाते. खाडा झाला की पैसे कापतात. तिची आई दीडदोनशे मैलांवर. तिने ओळखीची म्हणावी अशी एकही बाई या गावात नाही. वर मी लिहिलेली सगळी भीती तिला आहेच, शिवाय कोपीत दिवा नाही, आडोसा नाही, आणि मुकादम सुट्टी देईल की नाही ही आणखी एक.

टोळी आपण आणलेली नसते, मुकादमाशी करार आपला नसतो, हे मला मान्य आहे. पण ऊस आपला असतो. टोळी उतरल्यावर शेतमालकाच्या घरातल्या बाईने एकदा कोपीवर जाऊन यायचे. कुणाला कितवा आहे ते विचारायचे आणि गावच्या आशाताईला नाव द्यायचे. त्या बाईजवळचे माता-बाल संरक्षण कार्ड दुसऱ्या जिल्ह्यातले असले तरी इथल्या सरकारी दवाखान्यात तिची तपासणी आणि बाळंतपण मोफतच होते. ते तिला बहुधा कुणी सांगितलेले नसते. आठवा उलटलेलीला मोळी उचलायला लावू नका असे मुकादमाला शेतमालकाने सांगितले, तर तो सहसा मोडत नाही, कारण पुढच्या वर्षी त्याला याच गावात यायचे असते. आणि तिच्या कळा सुरू झाल्या तर आत सोबतीला कोण जाणार? टोळीतल्या बाया बहुधा फडात असतात, नाहीतर त्यांची लेकरे त्यांच्या पायात. गेल्या हंगामात आमच्या वस्तीवर अशी वेळ आली तेव्हा माझी भावजय गेली. रात्री दोनला गेली, सकाळी नऊला परतली. बाईचे नाव तिला तिथे दवाखान्याच्या कागदावर सही करताना कळले. मुलगी झाली, पावणेतीन किलोची. कोपीवर पाचवी पूजली त्या दिवशी भावजयीने सुंठवडा करून नेला. हंगाम संपून टोळी गावाकडे निघाली तेव्हा त्या बाईने ट्रॅक्टर आमच्या दारात थांबवून लेक दाखवायला आणली होती.